बहिणीची सही आणि मत्तयाचा सहावा अध्याय

तासगाव तालुक्यातल्या एका बंधूंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ख्रिस्तवासी झाले. घरची सहा एकर जमीन, बहुतेक द्राक्षबाग, स्वतःचं बेदाणा शेड. गेल्या हंगामात दर बरा लागला आणि पहिल्यांदाच हातात चार पैसे राहिले. शेजारची दोन एकर विकायला निघाली आहे, पतसंस्था कर्ज द्यायला तयार आहे. पत्नीला मुलांच्या शाळेसाठी सांगलीत घर हवं आहे. मोबाइलवरचा एक प्रचारक सांगतो, एका महिन्याची कमाई ‘बी’ म्हणून पाठवा, देव शंभरपट देईल. चर्चच्या मंडळीतले एक ज्येष्ठ म्हणतात, पैसा हेच पापाचं मूळ, जमीन घेऊच नका. रविवारी फवारणी आली की उपासना बुडते आणि मनाला टोचणी लागते. शेवटी ते लिहितात: ‘देव पहिला, पैसा नंतर, हे मान्य आहे. पण म्हणजे नेमकं काय करायचं? द्यायचं किती? बहिणीची सही तेवढी राहिली आहे, ती झाली की व्यवहार करतो. त्याआधी मार्गदर्शन करावं.’

प्रिय बंधू, प्रभूच्या नावात सलाम.

मी पाळक होण्याआधी पतसंस्थेत कारकून होतो. त्यामुळे लोकांच्या पैशाच्या गोष्टी मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकल्या आहेत. तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यातलं सगळ्यात वजनदार वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. त्याकडे येतोच, पण आधी तुमच्या मंडळीतल्या ज्येष्ठांचं म्हणणं बघू.

त्यांनी वचन अर्धं सांगितलं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल पैशाला नव्हे, पैशाच्या लोभाला वाइटाचं मूळ म्हणतो. त्याच अध्यायात थोडं पुढे श्रीमंतांसाठी सूचना आहेत: गर्व करू नका, आज आहे उद्या नाही अशा धनावर भरवसा ठेवू नका, चांगलं करा, वाटून द्यायला तयार राहा. श्रीमंत असणंच पाप असतं तर पौलानं त्यांना सूचना दिल्या नसत्या, सरळ मंडळीबाहेर काढलं असतं. येशूच्या देहाला स्वतःची कबर देणाऱ्या अरिमथाईच्या योसेफाला मत्तय उघड श्रीमंत म्हणतो. येशू गावोगाव फिरत होता तेव्हा त्याचा आणि शिष्यांचा खर्च आपल्याजवळच्या पैशातून करणाऱ्या बाया होत्या, हे लूकनं आठव्या अध्यायात नावं घेऊन लिहून ठेवलं आहे.

जमीन घेणं हे पाप नाही. हे एका ओळीत झालं, आता अवघड भागाकडे.

‘द्यायचं किती’ याचा एक आकडा माझ्याकडून मागू नका, कारण शुभवर्तमानातही तो एक नाही. श्रीमंत तरुणाला येशूनं सगळं विकून गोरगरिबांना द्यायला सांगितलं. यरीहोतला जक्कय म्हणाला, अर्धं गरिबांना देतो आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. त्याला येशूनं उरलेल्या अर्ध्याचा हिशेब विचारला नाही. फिलिप्पैच्या लुदियाला, जी जांभळ्या कापडाचा व्यापार करायची, कुणीच काही विकायला लावलं नाही. तिनं पौलाला आणि त्याच्या सोबत्यांना घरात उतरवून घेतलं आणि तिथल्या मंडळीला बसायला जागा झाली. तिघांचे तीन आकडे. तरुण मात्र खिन्न होऊन निघून गेला, कारण येशू एक सांगत होता, संपत्ती दुसरं सांगत होती आणि त्यानं संपत्तीचं ऐकलं.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू धनाला मालकाच्या खुर्चीत बसवून बोलतो: कोणी दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही. चाकर कुणाचा हे एरवी कळत नाही. रविवारी उपासना, सोमवारी सौदा, दोघांचंही काम चालून जातं. कळतं ते दोघे एकाच वेळी हाक मारतात तेव्हा. एक म्हणतो कर, दुसरा म्हणतो नको. जुना बेदाणा नव्या मालात मिसळायचा का. मजुरांचे पैसे आज द्यायचे की अडत्याची पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचे पैसे, आल्यावर. असे प्रसंग रोज येत नाहीत, म्हणून आपण गाफील असतो, आणि ते आले की आपण त्यांना ‘व्यवहार’ म्हणतो. मी ज्यांना चांगले विश्वासणारे म्हणून ओळखतो त्यांच्याही घरात व्यवहार नावाची एक खोली असते, आणि पाळकाला तिथे चहा मिळत नाही.

त्या अध्यायात अजून एक गोष्ट आहे. दोन धन्यांचं वचन संपतं आणि लगेच पुढचं वचन ‘म्हणून’ अशा जोडणीनं सुरू होतं: म्हणून काय खावं, काय प्यावं, काय पांघरावं याची काळजी करू नका. वरवर वाचलं तर वाटतं विषय बदलला. बदललेला नाही. समोर बसलेले लोक गालीलातले कोळी, कुळं, रोजंदारीवरची माणसं होती. त्यांच्याजवळ लोभ करण्याएवढं काही नव्हतं. तरी येशू त्यांना सांगतो की धन त्यांचाही मालक होऊ शकतो, काळजीच्या वाटेनं. आपल्या भागाला हे नीट लागू आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची माणसं घ्या. टँकरची वाट बघण्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना पैशाची हाव फारशी नसते, पण पैसा नसण्याची भीती हाडात मुरलेली असते. मी मंडळीत लोभी माणसं कमी पाहिली. घाबरलेली पुष्कळ. आणि भीतीपोटी केलेली गोष्ट लोभापोटी केलेल्या गोष्टीइतकीच दुसऱ्याचं नुकसान करते, फक्त करणाऱ्याला ती शहाणपणाची वाटते.

म्हणजे पुढचा विचार करायचाच नाही का? करायचा. जुन्या करारातल्या योसेफानं मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवलं आणि दुष्काळात देश जगवला. तो देवाचाच माणूस होता. रानात इस्राएलांनी मान्ना, म्हणजे देवानं रोज पुरवलेलं अन्न, उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडले. एकीकडे साठवण्याची आज्ञा, दुसरीकडे मनाई. योसेफानं सगळ्यांच्या भुकेसाठी साठवलं. रानातल्यांना देव उद्या देईल याचा भरवसा नव्हता म्हणून त्यांनी साठवलं. पीकविमा उतरवा, मुलांच्या नावे पैसे ठेवा, आजारपणासाठी राखून ठेवा. त्यात अविश्वास नाही. फक्त अधूनमधून बघत जा की या साठ्यात तुमच्याखेरीज आणखी कुणाचा वाटा आहे का.

आता बहिणीची सही.

लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाचा वाटा मला द्यायला सांगा. वाटणीची तक्रार, आपल्याकडची रोजची. येशू निवाडा करायला नकार देतो, सर्व प्रकारच्या लोभापासून सांभाळा म्हणतो आणि त्या श्रीमंत माणसाची गोष्ट सांगतो ज्याच्या शेताला भरघोस पीक आलं. तो चोर नव्हता. जमीन त्याची, पीक त्याचं. कोठारं मोडून मोठी बांधीन म्हणाला, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला. त्याचं स्वतःशी चाललेलं बोलणं पुन्हा वाचा: माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. त्यात पेरणारा गडी नाही, घरातलं कुणी नाही, बहीण तर नाहीच.

ज्यांनी हरिपूरची पेवं पाहिली आहेत त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. जमिनीत खणलेल्या त्या कोरड्या पेवांत सांगलीच्या व्यापाऱ्यांची हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं आणि केवढा तरी माल मातीमोल झाला. ती देवानं केलेली शिक्षा होती असं मी म्हणत नाही. तोच पूर पुढे २०१९ ला आणि २०२१ ला कृष्णाकाठच्या गरिबांच्या झोपड्यांतही शिरला. एवढंच म्हणतो की साठा पक्का आहे असं वाटणं आणि तो पक्का असणं यांतलं अंतर सांगलीकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कायदा काय सांगतो ते आधी माहीत असू द्या, कारण पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांना तो माहीतच नसतो. आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या मालमत्तेचा एक तृतीयांश विधवेला जातो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे वाटले जातात. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. तुमच्या घरात आई, तुम्ही आणि एक बहीण असाल, तर सहा एकरांपैकी दोन आईची, दोन तुमची, दोन बहिणीची. लग्न कधी झालं, लग्नात किती खर्च केला, याचा त्या हिशेबात काही संबंध येत नाही. पुष्कळ घरांत जुन्या कागदांवर धर्माची नोंद वेगळी असते, म्हणून कागद वकिलाला दाखवून घ्या. पण दुसरा कायदा लागला म्हणून बहीण वारसांतून गळेल या आशेवर राहू नका.

हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्याचा प्रसंग मी जवळून पाहिला आहे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेरचं बाकडं, मुद्रांकाचे कागद घेऊन उभा असलेला लेखनिक. बहीण सकाळच्या एसटीनं आलेली, तिच्या मांडीवर भावानं दिलेली नव्या साडीची पिशवी. तिला वाचून दाखवलं जातं ते इतक्या भरभर की चतुःसीमा आणि गट नंबर यांच्या मध्ये ‘कोणताही मोबदला न घेता’ हे शब्द कधी येऊन गेले ते कळतही नाही. भाऊ म्हणतो, इथं कर, ती करते. मग ती विचारते, नाताळला येऊ ना? या प्रश्नात सगळं आलं. ती जमीन सोडत नव्हती, माहेर टिकवत होती. साडीचोळीवर बोळवण म्हणतात ती ही, आणि ती करणारे भाऊ उपासनेत पुढच्या बाकावर बसतात.

बहीण खुशीनं हक्क सोडू शकते, त्यात गैर काही नाही. पण खुशी आहे की नाही हे कसं ओळखायचं? तिला आधी सातबारा दाखवला का? तिच्या दोन एकरांची आजची बाजारभावानं किंमत तुमच्या तोंडून सांगितली का? विचार करायला, नवऱ्याशी, मुलांशी बोलायला सवड दिली का? आणि ती नाही म्हणाली तरी नाताळला दार तितकंच उघडं राहील, हे तिला खात्रीनं ठाऊक आहे का? या चारही प्रश्नांना ‘हो’ म्हणता येत असेल तर सही घ्या. एकालाही अडखळलात तर तुमच्या घरात दोन धनी एकाच वेळी हाक मारत आहेत आणि तुम्हाला अजून एकाचीच हाक ऐकू आली आहे. तुम्ही दुष्ट नाही. दोन एकर बागेची गेली तर कर्ज कसं फिटेल, ही भीती आहे. ती खरी आहे. तरी बहिणीच्या वाट्यातून ती भागवण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही.

आईच्या वाट्याचंही असंच. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, एका रूढीबद्दल फटकारतो: आईबापाला जे द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं जाहीर केलं की मुलगा मोकळा. देवाचं नाव पुढे करून आईबापाचं बुडवायची युक्ती तेव्हाही होती. प्रार्थनामंदिराच्या कोनशिलेवर नाव कोरलेलं आणि आई दुसऱ्या भावाकडे गोळ्यांवाचून बसलेली, हे मी सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत पाहिलं आहे.

दशमांशाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. जुन्या करारातला दशमांश शेतीच्या पिकावर आणि गुराढोरांवर होता. तो देवाच्या मंदिरात सेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या निर्वाहासाठी होता, कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायचा, म्हणजे लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खावं. नव्या करारात टक्का ठरवून दिलेला नाही. पौल म्हणतो, प्रत्येकानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा जबरदस्तीनं नको. मी स्वतः दहावा हिस्सा हे सुरुवातीचं माप मानतो. ज्याला त्याहून जास्त जमतं त्यानं दहाला थांबू नये, आणि ज्याच्या घरात औषधाला पैसे नाहीत त्यानं दहासाठी जीव टाकू नये.

हिशेब मात्र नीट करा. अडत्याची पट्टी म्हणजे उत्पन्न नव्हे. चार किलोच्या आसपास द्राक्षं सुकली की किलोभर बेदाणा होतो, आणि त्या किलोभरात छाटणी, औषधं, डिपिंग ऑइल, मजुरी, कोल्ड स्टोअरेजचं भाडं, कर्जाचं व्याज असं सगळं बसलेलं असतं. ते वजा जाऊन जे उरतं त्याचा हिस्सा काढायचा. पण काढायचा तो पट्टी जमा झाली त्याच आठवड्यात. सगळे खर्च भागल्यावर उरलं तर देवाला, असं ठेवलंत तर उरत नाही, हा माझा पतसंस्थेतल्या काळापासूनचा अनुभव आहे. निम्मा तुमच्या मंडळीला द्या, उरलेला स्वतः ओळखत असलेल्या गरजूला, गाजावाजा न करता. मंडळीत देताना खजिनदाराला निःसंकोच विचारा: अर्पणाची थैली मोजायला दोन माणसं बसतात का, वर्षाचा हिशेब वाचून दाखवतात का. ज्या मंडळीला हा प्रश्न झोंबतो तिला हा प्रश्न विचारण्याची जास्त गरज असते. मिशनच्या जुन्या जागांवरून आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांवर केलेले खटले बघता, पैशाबाबत फक्त शेतकऱ्यांना उपदेश करण्याचा नैतिक अधिकार आम्हा पुढाऱ्यांना फारसा उरलेला नाही.

त्या मोबाइलवरच्या प्रचारकाला एक रुपयाही पाठवू नका. शंभरपटीचं वचन मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि ते सांगणारे एक गोष्ट हमखास गाळतात: त्या यादीत घरं, भावंडं, शेतं यांच्या बरोबरीनं छळही आहे. ज्यांना ते सांगितलं त्या पेत्राला आणि बाकीच्या प्रेषितांना शंभर नावा मिळाल्या नाहीत. एक भरला की शंभर मिळतील म्हणून भरायचं असेल तर ती भिशी झाली, आणि भिशीतसुद्धा चालक ओळखीचा असावा लागतो. ‘देव पहिला’ याच्या नेमकी उलट ही शिकवण आहे, कारण तिच्यात देव हे साधन आणि पैसा हे फळ.

मग दुसऱ्या टोकाचं काय, सगळं सोडून देण्याचं? आपल्या साताऱ्यातच त्याचं उदाहरण आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. त्यांच्या या पावलाबद्दल मला मोठा आदर आहे. परदेशी पैशावर पोसलेली मंडळी कधी आपल्या पायांवर उभी राहणार नाही, हे त्यांना कळलं होतं. आमच्या भागात तर मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ च्या सुमारास दवाखाना उभा केला तेव्हापासून शाळा, वसतिगृह, पाळकाचा पगार सगळं वरून यायचं. आजोबांनी ते घेतलं यात कमीपणा नाही, त्या काळी गावानं त्यांना पाण्याजवळही उभं केलं नसतं. पण देणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे, ही खोड नातवंडांपर्यंत उरली.

तरीही टिळकांच्या गोष्टीतली त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची, बाजू विसरू नये. टिळकांचा हात सढळ. घरात काय आहे नाही ते न बघता देऊन टाकायचे, आणि संसाराची तोंडमिळवणी करायची लक्ष्मीबाईंनी. एकाच्या त्यागाचा खर्च घरातला दुसरा भरतो हे आमच्या उपदेशांत कधी येत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुलींना आसरा दिला तो प्रार्थनेच्या बळावर, हे खरंच. पण तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. त्या बाईंनी विश्वास आणि हिशेब यांचं कधी भांडण लावलं नाही. मला विचाराल तर शेतकऱ्यानं रमाबाईंकडे बघावं.

मजुरीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, तरी सांगतो, कारण शेडवाल्यांची खरी परीक्षा मी तिथे पाहिली आहे. एका बंधूंनी नवी पिकअप घेतली, आभारप्रार्थनेला बोलावलं. गाडीला हार, पेढे, मुलं टपावर. शेडच्या कडेला बेदाणा निवडणारी एक बाई उभी होती, हाताला चिकटपणा, पदर कमरेला खोचलेला. तिचे तीन आठवड्यांचे पैसे थकले होते, आणि तिचा हा पहिला हेलपाटा नव्हता. मालक मला हळूच म्हणाले, ‘पाळकसाहेब, तिचं उद्या देतो, आधी प्रार्थना होऊन जाऊ दे.’ मी खुर्चीतच बसून राहिलो. म्हटलं, तिचे पैसे देऊन या, मग तिलाही प्रार्थनेला बसवू. ते रागावले, आत गेले, नोटा आणल्या. प्रार्थना झाली, पण मला पुन्हा त्या घरचं आमंत्रण यायला बराच काळ गेला. अनुवाद चोवीस म्हणतं, मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचं चित्त तिच्यावर लागलेलं असतं. याकोब म्हणतो, तुम्ही अडकवून ठेवलेली कापणी करणाऱ्यांची मजुरी ओरडते आहे. गाडीच्या बॉनेटवर खडूनं क्रूस काढण्याआधी ही दोन वचनं वाचायला हरकत नाही.

रविवारची फवारणी. शनिवारी रात्री पाऊस पडला आणि डाऊनी रोगाचा धोका आहे, तर सकाळी फवारा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला या. विहिरीत पडलेला बैल शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी तुम्ही बाहेर काढणार नाही का, असं येशूनंच विचारलं होतं. पण दर रविवारी काम काढायचं, कारण त्या दिवशी मुलांना शाळा नसते आणि घरचे हात फुकट मिळतात, हा बैल नव्हे. आणि मजुरांनाही आठवड्याची एक सुटी द्या. शब्बाथाच्या आज्ञेत दास, दासी आणि बैल, गाढवसुद्धा मोजलेले आहेत.

जमीन घ्यायची की नाही? आधी बहिणीचा आणि आईचा वाटा बाजूला काढून तुमच्याकडे काय उरतं ते मांडा. मग हप्ता मोजताना गेल्या वर्षीचा दर धरू नका. मागच्या काही वर्षांतला सगळ्यात पडका दर धरा, एक अवकाळी पाऊस धरा, आणि तरी हप्ता निघतो का बघा. निघत असेल तर देवाचे आभार मानून घ्या. दरवर्षी गेल्या वर्षीसारखं पिकलं तरच निघणार असेल, तर ती जमीन तुम्ही विकत घेत नाही, तिच्याकडे चाकरीला लागता आहात. कर्ज घेणारा सावकाराचा दास होतो, हे नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात आहे. पतसंस्थेच्या फॉर्मवर ते छापत नाहीत. शेजाऱ्याला महिन्याची मुदत मागा. तेवढ्यात दुसऱ्या कुणी घेतली तर घेतली.

राहता राहिलं सांगलीतलं घर. मुलांना चांगली शाळा मिळावी ही तुमच्या पत्नीची इच्छा म्हणजे धनाची चाकरी नव्हे, आणि ‘देव पहिला’ या शब्दांनी तिचं तोंड बंद करू नका. जमिनीसाठी कर्जाची बोलणी करताना तुम्हाला ते शब्द आठवले नव्हते. एकदम घर बांधण्यापेक्षा जूनपासून वर्षभर भाड्यानं राहून बघा. भाडं बेदाण्याच्या पट्टीवर टाकू नका, ती वर्षातून एकदा येते. महिन्याला दुधाचे आणि शिवणाचे जे पैसे येतात त्यांतून ते निघतं का, हे तिलाच विचारा. तिची वही तुमच्यापेक्षा नेमकी असणार.